ओल्या वजनाचा उतारा

सल्लागार कंपनीतल्या माझ्या पहिल्या मोठ्या सादरीकरणाच्या दिवशी माझ्या उजव्या हाताची तीन बोटे काळी पडली होती आणि त्यांतल्या दोघांची कातडी सोलत होती. काजूच्या टरफलातले तेल अंगाला लागले की असे होते, हे गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात लहान मुलालाही ठाऊक असते. मुंबईहून आलेल्या आमच्या मॅडमना ते ठाऊक नव्हते. त्यांनी बोटांकडे एकदा पाहिले आणि हलक्या आवाजात सांगितले, की ग्राहक कंपनीचे शेठ समोर बसले की हात टेबलाखालीच ठेव. मी ठेवले. पुढच्या दीड तासात जे झाले ते त्या बोटांमुळेच झाले, आणि त्याचा पुरता हिशेब मला अजून लागलेला नाही.

मी मुळात रसायनशास्त्राचा पदवीधर. 2015च्या अखेरीस, गोव्यातली पहिली खाणबंदी उठून लोहखनिजाची निर्यात नुकती सुरू झाली होती तेव्हा, डिचोली तालुक्यातल्या एका खाणीच्या प्रयोगशाळेत मी लागलो. लोकांना वाटते, की तिथे दिवसभर लोहाचे प्रमाण काढत बसायचे असते. ते तर होतेच, पण खरी कसोटी त्याआधीची असते. ढिगाऱ्यातून नमुना कसा उचलायचा, त्याचा शंकू करून चार भाग कसे पाडायचे, समोरासमोरचे दोन ठेवून दोन कसे टाकायचे आणि असे करत करत हजारो टनांचे प्रतिनिधित्व करणारी एक मूठ हातात कशी आणायची, यात चुकले तर पुढचे रसायनशास्त्र कितीही चोख असले तरी वाया जाते. ती मूठ 105 अंशांवर भट्टीत ठेवायची, वजन स्थिर होईपर्यंत सुकवायची आणि जेवढे वजन उडाले तेवढी ओल मांडायची. खनिजाचा भाव ठरतो सुक्या टनावर. बार्जमधून मुरगावला जाऊन जहाजात चढते ते मात्र ओले टन. पन्नास हजार टनांच्या जहाजात ओलीच्या एका टक्क्याची चूक म्हणजे पाचशे टनांचा वाद. शिवाय ओलसर बारीक खनिज जहाजाच्या पोटात हिंदकळून चिखलासारखे पातळ होते आणि जहाज कलंडते. 2009मध्ये ‘एशियन फॉरेस्ट’ मंगळूरजवळ आणि ‘ब्लॅक रोज’ पारादीपजवळ अशीच बुडाली होती. आमचे वरिष्ठ ती दोन नावे इतक्या वेळा घेत, की जणू ती आमच्याच धक्क्यावरून सुटली होती.

7 फेब्रुवारी 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्या 88 खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि 16 मार्चपासून खाणी थांबल्या. त्या निकालाविषयी पणजीत बोलावे तर धूळ बसल्याचा आनंद ऐकू येतो आणि खाणींच्या भागातल्या होंड्यात बोलावे तर दारात उभ्या राहिलेल्या ट्रकांच्या हप्त्यांचा हिशेब. दोन्ही खरे आहे. माझ्यापुरते खरे एवढेच, की नोकरी गेली.

व्यूहरचना सल्लागार व्हायचे मी का ठरवले, याचे देखणे उत्तर मुलाखतींसाठी मी पाठ केले होते. खरे उत्तर असे, की खाण चालू असताना एक सल्लागार चमू आमच्याकडे आला होता आणि त्यांनी प्रयोगशाळेचा खर्च निम्मा करण्याचा सल्ला प्रयोगशाळेत पाऊल न टाकता दिला होता. हे काम याहून बरे करता येईल, असे मला तेव्हा वाटले होते. मोठ्या कंपन्या डॉक्टर, वकील, संशोधक यांना वेगळ्या वाटेने आत घेतात हे मी वाचले होते. बोस्टन कन्सल्टिंग ग्रुप 1963मध्ये उभा करणारे ब्रूस हेंडरसन तरुणपणी बायबल विकत असत, हेही कुठेसे वाचून मनाशी जपले होते. पण नुसती पदवी घेतलेल्या, डिचोलीच्या खाणीतून आलेल्या माणसासाठी अशी वाट कुणी आखून ठेवलेली नव्हती.

सोळा महिन्यांत अकरा मुलाखती झाल्या. या मुलाखतींत नोकरीविषयी फारसे विचारत नाहीत. एक केस पुढ्यात टाकतात. पणजीत रोज किती पाव खपतात, हे कागदावर अंदाजाने काढा. एका हॉटेलसाखळीचा नफा का घटला, ते शोधा. उत्तराचे कप्पे असे पाडायचे, की एक गोष्ट दोन कप्प्यांत येऊ नये आणि एकही गोष्ट बाहेर राहू नये. ही शिस्त चांगली आहे, मला ती आवडली आणि जमलीही. पोदेर म्हणजे पाववाले, घरटी पाव, हॉटेलांचा वेगळा हिशेब, सगळे मी नीट मांडत असे. माझी गाडी अडायची ती पुढे. दिलेला आकडा ऐकला, की तो कुणी आणि कसा मोजला हे मी विचारत असे. तीन ठिकाणी मला कौतुकाच्या सुरात सांगण्यात आले, की हा प्रश्न येथे गैरलागू आहे. मुलाखतींची तयारी करून घेणाऱ्या एका गृहस्थांनी भरपूर पैसे घेऊन दिलेला सल्ला असा होता, की खाणीतली वर्षे अर्जात एका ओळीत गुंडाळावीत आणि ‘नमुना’ हा शब्द तोंडातून काढू नये. मी तो मानला. शेवटी मुंबईच्या एका मध्यम आकाराच्या कंपनीने पणजीच्या छोट्या कार्यालयात सहा महिन्यांच्या करारावर घेतले, तेही खाणीतल्या पगाराहून कमी पैशात. करार तीनदा वाढला आणि मग हा काजूचा प्रकल्प आला.

आमच्या ग्राहकाचे दोन कारखाने होते. जुना सत्तरीत, तिथे हंगामात आसपासचे बागायतदार थेट दारात बी आणून घालतात. नवा फोंड्याच्या बाजूला, तो आफ्रिकेतून आलेल्या बीवर वर्षभर चालतो. प्रश्न सरळ होता. शंभर किलो बीमागे जुन्या कारखान्यात गर निघतो 23 किलो आणि नव्यात 24.5 किलो. (आकडे किंचित बदलून देतो आहे, प्रमाण तेच.) हजार टन बी फोडणाऱ्या कारखान्यात हा दीड किलोचा फरक म्हणजे वर्षाला पंधरा टन काजूगर. यंत्रे सारखीच, बी वाफवण्याची पद्धत तीच, मग उतारा कमी का? नामांकित व्यवस्थापन संस्थेतून आलेल्या माझ्या सहकाऱ्याने दुसऱ्याच आठवड्यात निष्कर्षाच्या स्लाइड करून ठेवल्या: जुन्या कारखान्यातल्या बायका वयस्क आहेत, फोडताना गर तुटतो, थोडी चोरीही असावी, कारखाना बंद करून सगळे काम फोंड्याला न्यावे. तो हुशार मुलगा आहे आणि मला अजूनही आवडतो, परंतु त्या दिवसापर्यंत त्याने गोदामाचे दार पाहिले नव्हते.

मी गोदामात गेलो तो खरे तर मोजायला नव्हे, चहाला. पोत्यात हात घातला आणि अर्जात एका ओळीत गुंडाळलेले सगळे एकदम उलगडले. बी गार लागली. शेजारच्या पोत्यातलीही. खरेदीचा काटा दारात होता, वजन तिथेच वहीत चढत होते आणि उतारा त्याच वजनावर काढला जात होता. म्हणजे जुना कारखाना ओल्या टनावर आपला उतारा सांगत होता आणि नवा, महिनोन्‌महिने गोदामांत आणि जहाजात सुकून आलेल्या बीवर, जवळजवळ सुक्या टनावर.

पुढचे दोन दिवस मी रजा टाकली. पन्नास पोत्यांतून वरची, मधली, खालची अशी बी उचलली, मिसळली, चार भाग पाडले, फोडली आणि ओळखीच्या एका महाविद्यालयीन प्रयोगशाळेत भट्टीत ठेवली. हातमोजे दुसऱ्या तासाला फाटले, बोटे त्यातच गेली. ओल निघाली 15 टक्के. नव्या कारखान्यात 9. शंभर किलो ओल्या बीत सुका माल 85 किलो, तो 8 टक्के ओलीवर आणून मांडला तर 92.4 किलो, त्यातून 23 किलो गर म्हणजे उतारा 24.9 टक्के. नव्याचे तसेच मांडले तर 24.8. वयस्क बायकांचा कारखाना कणभर पुढेच होता.

पण दोन दिवसांच्या नमुन्यावर कुणी कारखाना चालू ठेवत नाही, हे मला कळत होते. पुरावा मिळाला तो वाळवणाच्या खळ्यावरची देखरेख करणाऱ्या मावशींच्या वहीत. हमालांची मजुरी पोत्यावर असते, म्हणून खळ्यात उलटलेली पोती आणि सुकल्यावर पुन्हा भरलेली पोती त्या पेन्सिलीने लिहून ठेवत. चार हंगामांच्या वह्या, आत शंभर, बाहेर ब्याण्णव, कधी त्र्याण्णव, एप्रिलमध्ये पावसाची सर आली त्या आठवड्यात एक्क्याण्णव. कार्यालयातल्या महागड्या संगणकप्रणालीत हा आकडा नव्हता, कारण तो कुणी मागितला नव्हता. “आमकां पयलीं कोणे विचारलें ना,” एवढेच मावशी म्हणाल्या.

सादरीकरणात मॅडमनी जुन्या स्लाइड बाजूला ठेवल्या आणि मला बोलू दिले, याचे श्रेय त्यांचेच. अनेक वरिष्ठांनी आदल्या रात्री असे बदल केले नसते. शेठ ऐकत होते. वह्यांची छायाचित्रे आली तेव्हा ते पुढे झुकले, बराच वेळ काही बोलले नाहीत आणि मग कोकणीत म्हणाले, “म्हणजे हांव उदकाचे पयशे दितां?” मी हो म्हणालो. प्रश्नाचे ते खरे उत्तर होते. कारखाना बंद करण्याचा विषय तिथेच संपला आणि खोलीत नवा विषय सुरू झाला: पाण्याचे पैसे द्यायचे नाहीत. मी बोलण्याच्या भरात हात टेबलावर आणले होते, शेठनी बोटांकडे पाहून विचारले, “तू सत्तरेचो?” तेव्हा मला अभिमान वाटला होता.

अहवालात आम्ही लिहिले, की खरेदीच्या काट्यावर ओल मोजावी, 9 टक्क्यांच्या वर प्रत्येक टक्क्याला वजनात एक टक्का घट धरावी, ओलमापक यंत्र महिन्यातून एकदा भट्टीच्या आकड्याशी ताडून पाहावे आणि कोरडी बी आणणाऱ्याला भावात थोडी वाढ द्यावी. शेवटची दोन वाक्ये अंतिम प्रतीत परिशिष्टात गेली. जागा नव्हती, असे सांगण्यात आले, आणि मीही भांडलो नाही. करार कायम होण्याचे पत्र त्याच आठवड्यात यायचे होते. ते आले.

पुढच्या हंगामात माझे मामा त्याच काट्यावर बी घालायला गेले. त्यांची बाग वाळपईच्या पलीकडे आहे, आणि तीन-चार पोती ही त्यांची खेप. यंत्राने 13.5 दाखवले, साडेचार टक्के घट कापली गेली. हे यंत्र माझ्या अहवालातून आले आहे, हे त्यांना माहीत नाही. त्यांनी मला फोन केला तो एवढ्यासाठीच, की तू खाणीत ओल काढायचास ना, मग अंगणात आणखी किती दिवस वाळवू ते सांग. मी दोन दिवस म्हणालो, आणि त्याच पोत्यांतली राहिलेली किलोभर बी घट्ट झाकणाच्या डब्यात घालून माझ्याकडे पाठवायला सांगितली.

भट्टीत ती 11.2 आली. यंत्र कुणी ताडून पाहिलेले नसावे; पण एका नमुन्यावरून ठामपणे काही म्हणता येत नाही, हे मला इतर कुणापेक्षाही जास्त कळते, म्हणून शेजाऱ्यांकडून आणखी सहा डबे मागवले आहेत. आमचा प्रकल्प संपला, बिल चुकते झाले आणि ग्राहकाशी परस्पर पत्रव्यवहार करायला माझ्या करारात मनाई आहे. मॅडमना मी आकडा पाठवला. त्यांचे उत्तर आले, की सहाही नमुने झाले की एका पानात लिहून दे. डबे टेबलावर आहेत; यावेळी हातमोजे जाड आणले आहेत.