पॅराशूट उघडेपर्यंत

पुण्यात लहानपणी रॉकेट म्हणजे दिवाळीत बाटलीत उभी केलेली काडी. ते पडतं कुठे, हे कुणी बघायचं नाही. इथे मिशिगनमध्ये लेकीबरोबर एस्टेस कंपनीचं 'अल्फा' हे छोट्या, खरंखुरं उडणाऱ्या रॉकेटचं किट बांधायला घेतलं आणि कळलं, की या खेळात खरी परीक्षा खाली येण्याची असते.

किटमध्ये कागदी नळी, नाकाचा शंकू, बाल्सा लाकडाचे तीन पंख, प्लॅस्टिकचं पॅराशूट. उंची जेमतेम ३१ सेंटिमीटर. दिवाळीच्या रॉकेटला काडी सरळ ठेवते, इथे ते काम पंखांचं. म्हणून ते तिरके लागून चालत नाहीत. नळी दाराच्या चौकटीच्या कोपऱ्यात टेकवून पेन्सिलीने रेघा मारल्या. लाकडाच्या गोंदाचा एक पातळ हात, तो जरा चिकट झाला की दुसरा, मग पंख बसवून दाबून धरायचा. लेकीने एकेक पंख पाच-पाच मिनिटं धरला. वाळल्यावर सांध्यांत बोटाने गोंद ओढला. चार संध्याकाळी गेल्या. मला त्या फार आवडल्या.

इंजिन म्हणजे दारू ठासलेली छोटी नळी; आमचं ए८-३. अक्षरावरून ताकद कळते. शेवटचा ३ म्हणजे जोर संपल्यावर ३ सेकंदांनी आतल्या आत छोटा बार होतो, शंकू सुटतो आणि पॅराशूट बाहेर पडतं. त्या धगीने प्लॅस्टिक वितळू नये म्हणून मध्ये आगीला दाद न देणाऱ्या कागदाचे बोळे भरायचे.

नोव्हेंबरातली गारठलेली सकाळ, मोकळं मैदान, वारा पडलेला. पाच मीटर मागे उभं राहून लेकीने पाचपासून उलटे आकडे मोजले आणि बटण दाबलं. फुस्स करून रॉकेट गेलंसुद्धा! वर शंकू सुटलेला दिसला, पण पॅराशूट सुरळीसारखं गुंडाळलेलंच राहिलं. रॉकेट धाडकन खाली आलं, एक पंख मोडला. लेक काही बोलली नाही, गवतात तुकडा शोधत राहिली. ते बघून मला फार वाईट वाटलं.

चूक माझी होती. पॅराशूट मी आदल्या रात्रीच घट्ट घडी घालून भरलं होतं. थंडीत प्लॅस्टिक ताठरतं, घडी सुटत नाही. त्यावर उपाय म्हणजे थोडी टाल्कम पावडर भुरभुरायची आणि घडी मैदानावर, उडवायच्या अगदी आधी, सैलसर घालायची.

पंख पुन्हा चिकटवून पुढच्या शनिवारी गेलो. बटण दाबलं, काहीच नाही. अशा वेळी लगेच जवळ जायचं नाही. कंट्रोलरची, म्हणजे बटणाच्या डबीची, किल्ली काढून पूर्ण एक मिनिट थांबायचं, आणि हा नियम कितीही घाई असली तरी पाळाच. इग्नायटर, म्हणजे इंजिन पेटवणारी विजेची बारीक तार, आतल्या दारूपर्यंत पोचलाच नव्हता. तो नीट टेकवून पुन्हा आकडे मोजले.

या वेळी वर पांढरा ठिपका फुटला, पसरला आणि डुलत डुलत खाली येऊ लागला. लेक केव्हाच धावत सुटली होती. लांबूनच ओरडली, "बाबा, तिन्ही पंख आहेत!"