लाखाच्या पेनात लाखाचे काय असते?

माँ ब्लाँ कंपनीचे माइस्टरश्टुक १४९ हे पेन आज भारतात लाखाच्या आसपास किमतीला मिळते. शाईच्या पेनांचा नाद असलेल्या माणसाला ओळखीचे लोक जो प्रश्न हमखास विचारतात, तो बहुतेक वेळा याच पेनाविषयी असतो: एवढे पैसे मोजावेत असे त्यात खरोखर काही आहे का? विचारणाऱ्याला 'हो' किंवा 'नाही' एवढेच उत्तर हवे असते, आणि माझे उत्तर मात्र लांबत जाते, कारण पेनाच्या किमतीत लिहिण्याचे किती आणि बाकीच्या गोष्टींचे किती, हे आधी वेगळे काढल्याशिवाय त्या प्रश्नाला हात घालता येत नाही.

आधी पेनाविषयी. हे पेन हॅम्बुर्गच्या या कंपनीने १९५२ साली बाजारात आणले. माइस्टरश्टुक हे नाव त्याही आधीचे, १९२४ सालचे. अंगाने चांगले जाड, काळेभोर, टोपणाच्या डोक्यावर पांढरा तारा, १८ कॅरट सोन्याची भलीमोठी निब आणि तिच्यावर ४८१० हा आकडा. कंपनीला जिथून नाव मिळाले त्या आल्प्समधल्या माँ ब्लाँ शिखराची उंची मीटरमध्ये सांगणारा हा आकडा आहे. (पर्वताची उंची बर्फामुळे मोजणीगणिक थोडी बदलते, निबेवरचा आकडा बदलत नाही.) शाई भरण्यासाठी मागचा भाग फिरवला की आतला दट्ट्या मागे सरकतो आणि पेन दौतीतून शाई ओढून घेते. एका स्नेह्याचे १४९ मी बराच काळ वापरले आहे. ज्यांचा पंजा मोठा आहे आणि जे सलग तास-दीड तास लिहितात, त्यांना या जाडीचे सुख पहिल्याच पानावर कळते. ज्यांचा पंजा लहान आहे, त्यांना ते पेन शेवटपर्यंत परक्याचे वाटत राहते. अंगाच्या काळ्या पदार्थाला कंपनी मौल्यवान रेझिन म्हणते. आपण साध्या भाषेत त्याला चांगल्या प्रतीचे प्लास्टिक म्हणावे. त्याची झिलई सुरेख आहे, पण पेन फरशीवर पडले तर त्याला तडा जाऊ शकतो.

सोन्याचा मुद्दा लोक फार मनावर घेतात, म्हणून त्याचा हिशेब स्वच्छ करून टाकू. १८ कॅरट म्हणजे शंभरात ७५ भाग सोने. एवढ्या मोठ्या निबेचे वजनसुद्धा फार तर ग्रॅम-दीड ग्रॅम भरते. सोन्याचा भाव कितीही चढला तरी लाखाच्या किमतीत या सोन्याचा वाटा लहानच राहतो. शिवाय कागदाला जे टोक लागते ते सोन्याचे नसतेच. सोने मऊ असल्यामुळे ते कागदावर झिजून जाईल, म्हणून टोकाला ऑस्मियम, रुथेनियम, टंगस्टन अशा धातूंच्या कठीण मिश्रणाचा बारीकसा मणी जोडलेला असतो, आणि तसाच मणी चांगल्या स्टीलच्या निबेलाही जोडलेला असतो. सोन्याची निब रूढ झाली त्याचे मुख्य कारण जुन्या शाया होत्या. त्या आम्लयुक्त होत्या, साधे पोलाद खाऊन टाकत, आणि सोन्याला मात्र त्यांचे काही होत नसे. आजच्या न गंजणाऱ्या स्टीलने ते कारण जवळजवळ संपवले आहे. सोन्याची निब किंचित लवचीक असते हे खरे, पण आजच्या बहुतेक सोन्याच्या निबा मुद्दाम ताठ बनवलेल्या असतात, आणि १८ कॅरटची निब १४ कॅरटपेक्षा चांगली लिहिते असे मानण्यास काही आधार नाही.

मग लिहिणे कशावर अवलंबून असते? मण्याची घासाई, निबेची चीर आणि तिच्याखालची, आतली शाई निबेपर्यंत आणणारी जीभ, या तीन गोष्टींवर. सोनाराच्या भिंगातून निबेचे टोक समोरून पाहिले तर मण्याचे दोन अर्धे दिसतात. ते एका पातळीत असावे लागतात. केसभर जरी वर-खाली झाले तरी पेन एका दिशेला कागद खरवडते. चीर जिभेकडे थोडी रुंद आणि टोकाकडे निमुळती होत गेलेली असावी, म्हणजे शाई केशाकर्षणाने आपोआप टोकाकडे ओढली जाते. जिभेवरच्या बारीक खाचा जास्तीची शाई धरून ठेवतात. त्या नसत्या तर खिशाच्या उबेने आतली हवा प्रसरण पावताच पानावर डाग पडला असता. मण्याची घासाई अति झाली की चिरेच्या आतल्या कडाही गोल होतात. असे पेन हाताला लोण्यासारखे गुळगुळीत लागते, पण पहिल्या फटकाऱ्याला शाई देत नाही, कारण शाई कागदापासून किंचित वरच अडून राहते.

हा दोष देवनागरी लिहिणाऱ्याला विशेष भोवतो. रोमन लिपीत झरझर जोडून लिहिणाऱ्याचे पेन एका शब्दात फार वेळा उचलले जात नाही. आपण मात्र अक्षरे काढून झाली की पेन उचलतो, मागे जातो आणि शिरोरेषा नव्याने ओढतो. प्रत्येक शब्दाला ही एक नवी सुरुवात असते. एका नामांकित युरोपीय कंपनीचे बऱ्यापैकी महाग पेन माझ्याकडे होते, ते नेमके इथे अडखळत असे: प्रत्येक ओळीत दोन-तीन शब्दांच्या शिरोरेषा अर्ध्यातून सुरू झालेल्या. दुकानात विक्रेत्याच्या वहीवर इंग्रजी सही करून पाहणाऱ्याला हे कधीच कळणार नाही.

निबेच्या जाडीचेही तसेच आहे. युरोपीय पेनांची मध्यम निब रोमन अक्षरांच्या मानाने बेतलेली असते. तिने रेघांच्या साध्या वहीत मराठी लिहिले की 'द्ध'चे पोट शाईने भरून जाते, 'ष्ट्य' वाचता येत नाही, आणि काना-मात्रा-वेलांट्यांची गर्दी होते. जपानी लिपी दाट असल्यामुळे तिथल्या कंपन्यांची बारीक निब युरोपीय बारीक निबेपेक्षा स्पष्टपणे बारीक असते, आणि मराठी मजकुराला ती फार चांगली जुळते. त्यात १४९ सढळ हाताने शाई सोडणारे पेन आहे. आपल्याकडच्या सर्वसाधारण वहीच्या कागदावर ती शाई फुटते आणि पानाच्या मागे उमटते. म्हणजे लाखाच्या पेनाबरोबर महागडा कागदही घरात येणार, हे गृहीत धरावे लागते.

आता निव्वळ लिहिण्यापुरती तुलना करू. जपानच्या पायलट कंपनीचे कस्टम ७४ किंवा ८२३, तिथल्याच प्लॅटिनम कंपनीचे ३७७६ सेंच्युरी, जर्मनीतल्या लामी कंपनीचे २००० ही सगळी १४ कॅरट सोन्याच्या निबेची पेने आहेत आणि भारतात त्यांच्या किमती साधारण दहा-बारा हजारांपासून तीस हजारांपर्यंत जातात. लामी २००० चे रूप गेर्ड म्युलर यांनी १९६६ साली ठरवले. काचतंतू घातलेल्या पॉलिकार्बोनेटचे ते खरखरीत काळे अंग आजही जवळजवळ तसेच आहे. ३७७६ ही फुजी पर्वताची मीटरमधली उंची, तेव्हा पर्वताची हौस असणाऱ्यांची इथेही सोय आहे. या प्लॅटिनमच्या टोपणात आत स्प्रिंगवर दाबले जाणारे एक झाकण असते, त्यामुळे पेन महिनोन्महिने पडून राहिले तरी शाई वाळत नाही. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात या गुणाला मी निबेवरच्या नक्षीपेक्षा कितीतरी अधिक मोल देतो. माझ्या मते लिहिण्याचा दर्जा या टप्प्यावर येऊन थांबतो. पाचशेच्या पेनावरून पाच हजारांच्या पेनावर गेलात तर फरक लख्ख कळतो. पाच हजारांवरून वीस हजारांवर गेलात तर तो जाणकाराला कळतो. वीस हजारांवरून लाखावर गेलात तर फरक असतो, पण तो लिहिण्यातला नसतो.

त्यातही माँ ब्लाँच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे: ती आपल्या निबा स्वतः बनवते. कित्येक महागड्या कंपन्या बर्लिनच्या योवो किंवा हायडेलबर्गच्या बॉक या कारखान्यांच्या निबा विकत घेऊन त्यांवर आपले चिन्ह उमटवतात. त्यात लबाडी नाही, निबा उत्तमच असतात. पण तीच निब दहापट स्वस्त पेनातही मिळत असेल, तर वरचे पैसे आपण अंगासाठी, डबीसाठी आणि दालनाच्या भाड्यासाठी देत आहोत, हे देणाऱ्याला माहीत असावे.

बाकीच्या पैशांत काही अगदी सच्चे असतात. पायलटच्या नामिकी नावाखाली निघणाऱ्या माकिए पेनांवर उरुशी नावाच्या झाडाच्या चिकाचे थरावर थर चढवतात, प्रत्येक थर दमट हवेत वाळू देतात, घासतात आणि ओल्या थरावर सोन्याची पूड शिंपडून चित्र उठवतात. एका पेनाला महिने लागतात. अशा पेनाला लाख, दोन लाख पडले तर ती किंमत माणसाच्या वेळेची आहे, आणि मला ती महाग म्हणवत नाही. आपल्याकडे आंध्रातल्या राजमहेंद्रीत आणि तामिळनाडूतल्या तिरुवळ्ळूरला एबोनाइटची, म्हणजे कडक केलेल्या रबराची, कांडी लेथवर धरून एकेक पेन कातणारे कारागीर आहेत. त्यांची पेने काही हजारांत मिळतात. मजुरीच्या दरातली तफावत जमेस धरली तरी लाखाच्या साच्यातल्या पेनापेक्षा त्यांत माणसाचा हात जास्त लागलेला असतो.

राजमहेंद्रीचा विषय निघाला म्हणून सांगतो. तिथल्या रत्नम यांनी १९३०च्या दशकाच्या आरंभी स्वदेशी पेन बनवायला घेतले. त्यांचे पेन ग्रामोद्योग संघाच्या कुमारप्पांमार्फत वर्ध्याला गांधीजींपर्यंत पोहोचले, आणि जुलै १९३५ मध्ये गांधीजींनी त्यांना पत्र लिहून आभार मानले: पेन वापरून पाहिले, बाजारातल्या परदेशी पेनांना ते चांगला पर्याय वाटते, अशा आशयाचे ते पत्र आहे. आधी वापरले आणि मग मत दिले, ही त्यातली माझ्या आवडीची गोष्ट. पुढे २००९ साली माँ ब्लाँने गांधीजींच्याच नावाने २४१ पेनांची मर्यादित आवृत्ती काढली. दांडीयात्रेचे २४१ मैल म्हणून पेने २४१. निबेवर काठी घेतलेले गांधीजी, टोपणावर सुताच्या आठवणीने गुंडाळलेली सोन्याची तार, आणि एका पेनाची किंमत अकरा लाखांच्या वर. कंपनीने बालकामगारांसाठी देणगीही दिली होती. तरीही गदारोळ झाला, राष्ट्रीय नावे व चिन्हांच्या गैरवापराविरुद्धच्या १९५०च्या कायद्याचा आधार घेऊन केरळमध्ये प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि कंपनीला भारतातली विक्री थांबवावी लागली. ते पेन विकत घेऊन त्याने कोणी रोज लिहिले असेल, असे मला वाटत नाही. तिजोरीत ठेवायच्या वस्तूची किंमत पेन म्हणून तपासण्यात अर्थ नाही; ती दागिन्यांच्या हिशेबात धरावी.

दुरुस्तीचा खर्च मात्र किंमत ठरवताना कोणी धरत नाही. पेलिकानच्या पेनांची निब जिभेसकट फिरवून काढता येते आणि घरी धुता येते. तैवानची ट्विस्बी कंपनी तर पेनाबरोबर दट्ट्या उघडण्याचा पाना आणि वंगणाची डबीच देते. १४९ चा दट्ट्या उघडायला खास हत्यार लागते, आणि शहाणा माणूस ते काम कंपनीकडेच सोपवतो. कंपनी ते चांगले करते. पण पेन परगावी जाते, आठवडेच्या आठवडे तिकडे राहते आणि बिल कंपनीच्या दरानेच येते. दहा वर्षे वापरायचे पेन म्हणून किंमत मोजताना हे दोन-तीन हेलपाटे तीत मिळवावेत.

तेव्हा विचारणाऱ्याला मी जे सांगतो ते असे. हाताने रोज पानेच्या पाने लिहीत असाल, जाड पेन मानवत असेल आणि लाख रुपये गेल्याने घरातले दुसरे काही अडणार नसेल, तर १४९ घ्यावे. ते उत्तम पेन आहे आणि नीट सांभाळले तर पुढच्या पिढीला देता येते. आठवड्यातून चार सह्या करायच्या असतील तर त्यात पांढऱ्या ताऱ्याखेरीज काही पदरात पडणार नाही, आणि तो ताराच हवा असेल तर तसे स्वतःशी म्हणून घ्यावा, सोन्याच्या निबेची सबब सांगू नये. मी स्वतः ते घेतलेले नाही. त्याच पैशांत एक जपानी बारीक निब, एक लामी, राजमहेंद्रीचे एक एबोनाइट आणि चार वर्षांची शाई येते, आणि तरीही हातात बरेच उरतात.

ज्यांचा निश्चय झाला आहे त्यांनी दालनात जाताना आपली रोजची वही बरोबर न्यावी. विक्रेता निब दौतीत बुडवून पेन हातात देतो. बुडवलेल्या पेनाची जीभ शाईने न्हालेली असते, त्यामुळे कसलेही पेन त्या वेळी झकास लिहिते. दट्ट्याने शाई भरून, निब पुसून मग लिहू द्या, असे सांगावे. अर्धे पान जोडाक्षरांचे लिहावे, शिरोरेषांसकट. मग टोपण काढून ठेवून विक्रेत्याशी दोन मिनिटे दराबद्दल बोलावे आणि पुन्हा लिहायला घ्यावे; पहिल्या अक्षराला शाई आली पाहिजे. निब पसंत न पडल्यास किती दिवसांत बदलून मिळेल, हे तोंडी न ठेवता बिलावर लिहून घ्यावे.