विसण न लागणारं पाणी

कढत पाण्यात विसण घालायचं, हा रोजचा हिशेब. ५५ अंशांचं दहा लिटर आणि नळाचं २५ अंशांचं दहा लिटर मिळून ४० अंश होतात. अंदाज चुकला की एक तर चटका, नाहीतर शहारा.

स्वित्झर्लंडमध्ये फेफर्सजवळच्या तामिना नदीच्या घळीत मात्र खडकातून पाणी येतं तेच ३६.५ अंशांचं, म्हणजे अंगाइतकंच ऊन. आपल्याकडे वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या काही कुंडांत पाऊल टाकलं की झटकन मागे घ्यावं लागतं. फेफर्सला उलट. जुन्या काळी लोक दोर आणि शिड्यांनी त्या अंधाऱ्या घळीत उतरत आणि दिवसचे दिवस पाण्यातच काढत. खाणंपिणं तिथेच, डुलकीही तिथेच. ४० अंशांत हे चाललं नसतं. शरीराला आपली उष्णता बाहेर टाकता येत नाही, आणि पंधरा-वीस मिनिटांत डोकं हलकं होतं. फेफर्सच्या पाण्यात त्रास व्हायचा तो कातडीला. ती भिजून भिजून सोलवटे, पुरळ उठे. आणि रोग बाहेर पडतोय म्हणून मंडळी खूश! पॅरासेल्सस या नामांकित वैद्यानं १५३५ मध्ये या पाण्यावर लिहिलं.

हा झरा ज्याच्या ताब्यात होता, तो फेफर्सचा ख्रिस्ती मठ १८३८ मध्ये बंद झाला. १८४० मध्ये घळीतलं पाणी सुमारे चार किलोमीटर खाली रागात्झ गावात आणलं, तेही लाकडी नळांतून. लाकूड का, तर त्यातून उष्णता हळू जाते. लोखंडानं ती वाटेतच उधळली असती. पण लाकडाचा स्वभाव आपल्या जुन्या पिंपासारखा. ओलं असेतो घट्ट, वाळलं की आकसून सांध्यांतून गळणार. प्रवाहही थांबून चालत नाही. रेंगाळलेलं पाणी निवतं, आणि या पाण्याला निवायला फारशी मुभाच नाही. दोन-चार अंश गेले की उरलं साधं कोमट पाणी, मग पुन्हा चूल पेटवा.

बर्नहार्ड सिमोन आला तो यानंतर. सेंट पीटर्सबर्गमध्ये नाव कमावलेला वास्तुविशारद; १८६१ च्या आगीत जळालेल्या ग्लारुस शहराच्या पुनर्बांधणीतही त्याचा हात. १८६८ मध्ये त्यानं रागात्झची मालमत्ता आणि पाण्याचा हक्क घेतला, पुढच्याच वर्षी क्वेलेनहोफ हे हॉटेल उघडलं, आणि १८७२ मध्ये गरम झऱ्याच्या पाण्याचा छपराखालचा तरणतलाव. झरा त्याचा नव्हे, नळही त्याचा नव्हे. आयत्या ऊन पाण्याशेजारी ऐसपैस बसायची सोय मात्र त्याची, आणि पैसा मोजला जातो तो सोयीचाच.

या पाण्याची एक खोड आहे. आत असताना ऊन लागत नाही, गारही लागत नाही; पाण्यात आहोत हेच विसरायला होतं. बाहेर पाऊल टाकलं की अंगावरचं पाणी वाळू लागतं आणि हुडहुडी भरते. पंचा आधीच काठावर हवा.