सरांचा डग्गा

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी आवडत्या शिक्षकांवर लिहा, असा शाळेचा निरोप आला. गणिताच्या सरांवर लिहिणारे पुष्कळ निघतील. मी तबल्याच्या सरांवर लिहितो.

सर आपल्याकडे अर्धवेळ होते. पुढे गोवा विद्यापीठाशी संलग्न असलेल्या पणजीच्या संगीत महाविद्यालयात गेले आणि तिथूनच निवृत्त झाले. त्यांचे वडील देवळात आरतीला घुमट (कातडं चढवलेलं मडक्याचं वाद्य) वाजवायचे, काका भजनाला पखवाज. गोव्यातल्या नागेशीचे तबलावादक पं. पंढरीनाथ नागेशकर तबल्यासाठी मुंबईला गेले, तीच वाट सरांनीही धरली. दिवसा नोकरी, संध्याकाळी गुरूंकडे शिकवणी. गांधर्व मंडळाची ‘अलंकार’ ही वरची संगीत परीक्षा देऊनच ते गावी परतले.

तबल्याला हात लावायची आम्हाला बरेच दिवस बंदी होती. “पयलीं तोंडान म्हण, मागीर हात लाय.” (आधी तोंडाने म्हण, मग हात लाव.) मग अख्खा वर्ग टाळी देत ‘धाधा तिट धाधा तूना’ घोकायचा. शेजारच्या वर्गातल्या बाईंना त्याचा भारी वैताग. आम्ही मात्र इतिहासाच्या सनावळ्याही त्याच लयीत पाठ केल्या!

माझा डग्गा, म्हणजे जोडीतला डाव्या हाताचा तबला, बोलेना. ‘धा’ मारला की नुसता धप्प. एक दिवस सर पिशवीतून घुमट घेऊन आले. गणेशचतुर्थीच्या, म्हणजे चवथीच्या, आरत्यांमुळे ते माझ्या हातातलंच वाद्य. उजव्या हाताने कातड्यावर थाप आणि डाव्या तळव्याने मडक्याचं उघडं तोंड झाकायचं, सोडायचं की नाद खाली-वर वळतो. दोन आरत्या वाजवून घेतल्या आणि लगेच माझा डावा हात डग्ग्यावर ठेवून मनगट शाईच्या (कातड्यावरच्या काळ्या गोलाच्या) कडेने पुढे रेटलं. “थंय वारो, हांगा मनगट. काम एकच.” (तिथे हवा, इथे मनगट.) डग्गा घुमला! पुस्तकातल्या आकृतीने हे मला जन्मात कळलं नसतं.

घुमटावर पूर्वी घोरपडीचं कातडं असायचं. १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर बकरीचं आलं. दोन्हींच्या आवाजातला फरक सर डोळे मिटून ओळखायचे. सरकारने २०१९ साली घुमटाला राज्याचं वारसा वाद्य ठरवलं, तेव्हा मी त्यांना फोन केला. म्हणाले, “बरें जालें. पूण वाजोवपी खंय?” (बरं झालं. पण वाजवणारे कुठे?)

हातापायांनी वेगवेगळे ताल धरणाऱ्या लयभास्कर खाप्रूमामा पर्वतकरांच्या गोष्टी सर रंगवून सांगायचे. पण वर्गात कोणी तसला चमत्कार करू लागला की डोळे वटारायचे. गवयाला विलंबित (संथ लयीतल्या) एकतालाचा ठेका, म्हणजे तालाचे मूळ बोल, स्थिर देता येतो का, एवढंच ते बघत. महाविद्यालयातही ‘विशारद’ परीक्षा होऊन आलेल्या मुलांना आधी ठेकाच धरायला लावत, असं तिथले विद्यार्थी सांगतात. स्वतः एकल तबला मात्र ते क्वचितच वाजवत. ही त्यांची विनयशीलता असेल. मला ती ऐकणाऱ्यांवर अन्यायच वाटते.

ता. क. : सरांनी वापरलेली तबल्याची जोडी शाळेच्या कपाटात आहे, असं शिपाईमामांकडून कळलं. डग्ग्याची पुडी (वरचं कातडं) फाटली आहे म्हणे. नवी बसवून घ्यावी. खर्च आमची तुकडी करील.