रूपाच्या नावाचं गाव

अरुणाचल प्रदेशच्या पश्चिम कामेंग जिल्ह्यात रूपा नावाचं एक गाव आहे. टेंगा नदीच्या खोऱ्यात, समुद्रसपाटीपासून साधारण १४०० मीटरवर. तवांगला जाणारे बोमडिलाला मुक्काम करून पुढे निघतात, रूपाकडे वळणारे थोडेच. गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या वाळपईच्या माझ्या मैत्रिणीचं नाव रूपा, म्हणून मी नकाशात तिथं थांबले. मी भूगोल शिकवते, मग तिथून नजर हलेचना.

तिला सांगितलं तर पहिला प्रश्न, "अगो, पाऊस किती तिथं?" सत्तरीतलं माणूस आणखी काय विचारणार!

ईशान्य भारत म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे चेरापुंजी येते. पण आसामचं मैदान आणि हे गाव यांच्यामध्ये ईगलनेस्टची रांग आडवी आहे, ३२०० मीटरपर्यंत चढलेली. गोव्यातला एकही डोंगर १२०० मीटर गाठत नाही. बंगालच्या उपसागरावरून आलेले ढग या रांगेच्या दक्षिण उतारावर वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पाडतात. उत्तर उताराच्या, म्हणजे रूपाच्या वाट्याला त्याच्या जेमतेम निम्मा येतो. मैत्रिणीला हे तिच्याच घरावरून पटलं. जुलैत तिच्या घराची पश्चिमेकडची चिऱ्यांची भिंत शेवाळून हिरवी होते, झडीसाठी तिला झावळ्या बांधाव्या लागतात, आणि मागच्या पडवीत रचलेली लाकडं मात्र कोरडी. आपला जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबरात. तिकडे मार्च-एप्रिलपासूनच सरी येतात.

"सुपारी होते?" नाही. दर हजार मीटरला हवा सरासरी साडेसहा अंशांनी थंड होते, म्हणजे उंचीमुळेच नऊ अंश कमी. शिवाय गाव आपल्यापेक्षा कितीतरी उत्तरेला, २७ अक्षांशापलीकडे. तिथं मका, टोमॅटो, किवी. सुपारी खाली आसामात. रूपातले शेरदुकपेन जमातीचे लोक पूर्वी थंडीच्या दिवसांत डोंगर उतरून आसामच्या सीमेजवळच्या दोइमाराला राहायला जात.

मला मात्र सगळ्यात भिडली ती एका पक्ष्याची गोष्ट. ईगलनेस्टच्या टेंगा खोऱ्याकडच्या उतारावर रमणा अथ्रेय या खगोलशास्त्रज्ञांना एक नवाच पक्षी सापडला. या भागातल्या बुगुन लोकांवरून त्याचं नाव पडलं बुगुन लिओसिकला, आणि २००६ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झालं. नवी जात नोंदवायची तर नमुना म्हणून पक्षी मारून ठेवण्याची जुनी रीत. हे पक्षी इतके मोजके दिसत होते की अथ्रेय यांनी एकही मारला नाही. पिसं आणि छायाचित्रं यांवर काम भागवलं. केवढा मोठा निर्णय आहे हा!

यंदा नववीला पर्जन्यछाया, म्हणजे डोंगराआडचा कमी पावसाचा भाग, शिकवताना महाबळेश्वर-वाईच्या शेजारी ही रांगही मी फळ्यावर काढणार आहे, पक्ष्यासकट.