स्मारकावरचं नाव आणि त्यामागचा शिपाई: ॲक्रिंग्टन पॅल्सचा माग कसा काढायचा

इंग्लंडच्या लँकाशायर परगण्यातल्या कुठल्याही गावात गेलात तरी चौकात किंवा बागेत पहिल्या महायुद्धातल्या मृतांचं स्मारक असतंच. नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी तिथे पॉपीच्या लाल फुलांची चक्रं वाहतात, ११ वाजता दोन मिनिटं सगळे स्तब्ध उभे राहतात, बिगुल वाजतो. नावांची ती लांबलचक यादी वाचून बहुतेक जण पुढे जातात. त्यातल्या एकाची तरी नीट ओळख करून घेणं हीच खरी आठवण, असं आमचं ठाम मत आहे. बरेचसे कागद आता ऑनलाइन असल्यामुळे हे काम पुण्यात किंवा कोल्हापुरात बसूनही करता येतं.

उदाहरण म्हणून ईस्ट लँकाशायर रेजिमेंटची ११ वी बटालियन घेऊ. लोक तिला ‘ॲक्रिंग्टन पॅल्स’, म्हणजे ॲक्रिंग्टनचे दोस्त, म्हणतात. सप्टेंबर १९१४ मध्ये ॲक्रिंग्टनचे महापौर जॉन हारवुड यांनी ती उभी केली आणि भरती सुमारे १० दिवसांत पुरी झाली. गिरणी कामगार, दुकानातले नोकर, शेजारीपाजारी, एकाच गल्लीतले भाऊ-भाऊ असे सगळे एकत्र भरती झाले. पण नावावर जाऊ नका. बटालियनमध्ये चार कंपन्या होत्या: एक ॲक्रिंग्टनची, एक आसपासच्या गावांची, एक चोर्लीची आणि एक बर्नलीची. ॲक्रिंग्टनच्या स्मारकावर एखाद्या पॅलचं नाव सापडलं नाही, तर तो चोर्लीचा किंवा बर्नलीचा असण्याची शक्यता आधी तपासा. उलट, ॲक्रिंग्टनच्या स्मारकावरचा प्रत्येक जण पॅल्समध्ये होता असंही नाही.

१ जुलै १९१६ ला फ्रान्समधल्या सॉमच्या लढाईत ही बटालियन सेर गावावर चालून गेली. पहिली फळी सकाळी ७.२० ला खंदकाबाहेर पडून काटेरी तारांच्या पुढे जाऊन आडवी झाली आणि ७.३० ला हल्ला सुरू झाला. आठवडाभराच्या तोफमाऱ्यानंतरही जर्मन तारा बऱ्याच ठिकाणी शाबूत होत्या आणि खोल भुयारांत दडलेले मशीनगनवाले जिवंत होते. हल्ल्यात उतरलेल्या सुमारे ७२० जणांपैकी ५८४ जण मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. हा आकडा ‘५८४ ठार’ असा सर्रास छापला जातो, ते चूक आहे. मृत सुमारे २३५. दोन्ही आकडे भीषण आहेत, पण घायाळ होऊन घरी परतलेल्यांना मेलेल्यांत मोजणं हा त्यांच्यावरही अन्यायच.

आता प्रत्यक्ष शोध. सुरुवात कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन, म्हणजे युद्धात मेलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणारी संस्था, हिच्या संकेतस्थळावरून करा. आडनाव, आद्याक्षर, रेजिमेंट आणि मृत्यूचं साल एवढंच भरा. पूर्ण नाव भरलंत की शोध फसतो, कारण कितीतरी नोंदींत फक्त आद्याक्षरं आहेत. सगळ्यात मोठा सापळा याच्या पुढे आहे: ईस्ट लँकाशायरची १ ली बटालियनही त्याच दिवशी, सेरच्या दक्षिणेला थोड्याच अंतरावर हल्ल्यात होती आणि तिचंही प्रचंड नुकसान झालं. तेव्हा रेजिमेंट आणि तारीख जुळली म्हणजे पॅल सापडला, असं धरू नका. बटालियनचा आकडा वाचल्याशिवाय पुढे जायचं नाही.

शिपायाच्या क्रमांकाबद्दलही सावध राहा. तेव्हा प्रत्येक रेजिमेंट आपापले क्रमांक देत असे, त्यामुळे एकच क्रमांक चार ठिकाणी चार माणसांना असू शकतो. सैन्यभर एकच क्रमपद्धत १९२० मध्ये आली.

सेवापुस्तिका मिळेल अशी फार आशा धरू नका. सप्टेंबर १९४० मध्ये लंडनवरच्या बॉम्बवर्षावात युद्धखात्याच्या गोदामाला आग लागली आणि पहिल्या महायुद्धातल्या शिपायांची निम्म्याहून अधिक कागदपत्रं जळाली. उरलेली ब्रिटनच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये (राष्ट्रीय अभिलेखागारात) डब्ल्यूओ ३६३ (WO 363) या मालिकेत आहेत. कडा करपलेल्या, पाण्याने डाग पडलेल्या, कधी अर्धंच पान. पुस्तिका नसेल तर पदकांचं कार्ड आणि मृताच्या येणे रकमेची नोंदवही बघा. नोंदवहीत पैसे कोणाला मिळाले ते लिहिलेलं असतं: आई, विधवा, बहीण. त्यातली युद्ध-उपदानाची (वॉर ग्रॅच्युइटी) रक्कम हुद्दा आणि सेवेचे महिने धरून ठरत असे, म्हणून तिच्यावरून भरतीचा महिना उलटा काढता येतो. बटालियनची युद्ध-दैनंदिनी डब्ल्यूओ ९५ (WO 95) मध्ये मिळते. तिच्यात अधिकाऱ्यांची नावं येतात, साध्या शिपायांची क्वचितच. त्यांच्यासाठी त्या काळची स्थानिक वर्तमानपत्रं चाळावी लागतात, पण तिथे फोटो आणि घरचा पत्ता दोन्ही सापडू शकतात.

सेरला जायचं तर आल्बेर गावातून गाडी किंवा सायकल घ्या. अंतर उत्तरेकडे साधारण १२ किलोमीटर. मुख्य रस्ता सोडून शेफील्ड मेमोरियल पार्ककडे जाणारी वाट शेतातली आहे. पावसानंतर तिथे गाडी घालू नका, चिखलात रुतते. नांगरटीत अजूनही तोफगोळे वर येतात, बांधावर रचलेले दिसले तरी हात लावायचा नाही. पार्कात लाल ॲक्रिंग्टन विटांची एक पडकी वाटावी अशी भिंत आहे, तेच पॅल्सचं स्मारक. उताराखालच्या रेल्वे हॉलो आणि समोरच्या क्वीन्स या दफनभूमी जरूर बघा. १९१७ च्या वसंतात जर्मन मागे हटल्यावरच इथलं रणांगण साफ करता आलं. तोवर कितीतरी देह तसेच पडून होते आणि ओळख पुसली गेली होती, म्हणून एवढ्या दगडांवर नावच नाही. ज्यांना नाव मिळालं त्यांच्या दगडाखाली घरच्यांची ओळ असते: जास्तीत जास्त ६६ अक्षरं, मधल्या जागा धरून. अक्षरामागे साडेतीन पेन्स आकारले जात. गिरणी कामगाराच्या विधवेसाठी ही रक्कम लहान नव्हती.

कबर नसलेल्यांची नावं सॉमच्याच रणभूमीवरल्या थीपवाल गावच्या स्मारक-कमानीवर आहेत, ७२,००० हून अधिक. ईस्ट लँकाशायरसाठी खांब ६, बाजू सी. तिथे नावं हुद्द्यानुसार आणि मग आडनावानुसार लावली आहेत, बटालियननुसार नाही. त्यामुळे घरून यादी करून न्या.

हीच शोधपेटी आपल्या माणसांसाठीही उघडी आहे. सेरपासून गाडीने तासाभराच्या अंतरावर न्यूव्ह-शापेल आहे. २८ ऑक्टोबर १९१४ ला खडकीच्या सॅपर्सच्या (लष्करी अभियंत्यांच्या) २० व्या आणि २१ व्या कंपन्या ४७ व्या शीख पलटणीबरोबर या गावात घुसल्या होत्या. इथल्या भारतीय स्मारकावर ४,७०० च्या आसपास नावं आहेत. मराठा पलटणींतले पुष्कळ जण मात्र इराकमध्ये पडले, आणि बसराच्या स्मारकावर भारतीय शिपायांची नावं कोरलीच नाहीत, फक्त पलटणवार संख्या कोरली. या असमान वागणुकीची कबुली कमिशनने २०२१ मध्ये दिली. नावं नोंदवहीत आणि संकेतस्थळावर आहेत. शोधताना पलटणीचं स्पेलिंग जुनं, म्हणजे मधे ‘एच’ असलेलं ‘महराट्टा’ (Mahratta) टाका. संपूर्ण नाव आडनावाच्या रकान्यात घालून बघा, आणि ‘अधिक माहिती’च्या रकान्यात सातारा किंवा रत्नागिरी लिहा. बऱ्याच नोंदींत वडिलांचं नाव, गाव आणि तालुका सापडतो, फक्त स्पेलिंग कारकुनाने कानावर पडेल तसं लिहिलेलं असतं.