वीस माणसं आणि एक रेडिओ

शुक्रवार, रात्र

आज मास कम्युनिकेशनच्या वर्गात टू-स्टेप फ्लो, म्हणजे संदेश दोन टप्प्यांत पोचतो हा सिद्धांत झाला. १९४० ची अमेरिकन अध्यक्षपदाची निवडणूक, ओहायोतली ईरी काउंटी, समाजशास्त्रज्ञ पॉल लाझार्सफेल्ड आणि त्याचे सहकारी. रेडिओवर आणि पेपरात जे येतं ते थेट सगळ्यांच्या मनात उतरत नाही. आधी ते चार जाणत्या माणसांपर्यंत पोचतं आणि मग त्यांच्या तोंडून बाकीच्यांपर्यंत. मॅडमनी फार छान समजावलं. मला तर ऐकताना आमच्या गावचा पारच दिसत होता. पण वही चाळली तेव्हा जाणवलं, की लासवेल, शॅनन, वीव्हर, श्रॅम अशी संवादाचे सिद्धांत मांडणाऱ्यांची ही रांग सगळी अमेरिकेतली आहे आणि उदाहरणंही तिकडचीच.

दुपारी लायब्ररीत युनेस्कोचा १९५९ सालचा एक अहवाल हाती लागला. सहज उघडला आणि उठवेना. त्यात पुणे होतं!

१९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने एक प्रयोग केला. तेव्हाच्या मुंबई राज्यातले मराठी बोलणारे पाच जिल्हे आणि त्यांतली दीडशे गावं. प्रत्येक गावात साधारण वीस श्रोत्यांचा एक मंच, म्हणजे गट. आठवड्यातून दोनदा, संध्याकाळी अर्धा तास त्यांच्यासाठी खास कार्यक्रम लागायचा, असे दहा आठवडे. मंडळी एकत्र बसून तो ऐकायची आणि रेडिओ बंद झाला की चर्चा सुरू व्हायची. हे आपल्याकडे जमेल का, कोण करेल, खर्च किती, असं सगळं. मंचातला एक जण ते टिपून घ्यायचा आणि शंका, प्रश्न, मतं केंद्राकडे पाठवायचा. त्यांना उत्तरं पुन्हा रेडिओवरून मिळायची. मूळ कल्पना कॅनडातल्या शेतकऱ्यांच्या रेडिओ मंचांची. पण इथे ती मराठीत, आपल्या बोलण्याच्या लयीत उतरली.

हे मोजलं कसं, ते वाचताना मी पेन्सिल घेऊन बसले. मंच असलेली गावं, रेडिओ असूनही मंच नसलेली गावं आणि रेडिओच नसलेली गावं, अशी तीन प्रकारची गावं निवडली. आधी आणि नंतर तेच प्रश्न विचारून किती माहिती वाढली ते ताडून पाहिलं. मंचाच्या गावांत माहिती भरपूर वाढली होती. नुसता रेडिओ असलेल्या गावांत वाढ अगदी थोडी. म्हणजे पेटी तीच, आवाज तोच, कार्यक्रमही तोच. फरक पडला तो शेजारी बसून त्यावर बोलण्याने. ईरी काउंटीतल्या निष्कर्षाला माझ्या भाषेतल्या गावांनी दिलेलं हे उत्तर मला तिथल्यापेक्षा जास्त पटलं. तिकडे चर्चा आपोआप होत होती आणि ती मागाहून मोजली. इथे ती मुद्दाम घडवून आणली.

हे मूल्यमापन मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने केलं आणि त्याचं काम पाहिलं पॉल नॉयराथ यांनी. हा माणूस मूळ व्हिएन्नाचा. लाझार्सफेल्डही व्हिएन्नाचाच, आणि नॉयराथ कोलंबिया विद्यापीठात त्याच्या वर्तुळात शिकलेले. १९३८-३९ मध्ये डाखाऊ आणि बुखेनवाल्ड या नाझी छळछावण्यांमधून ते गेले होते. त्यांचे वडील ओटो नॉयराथ यांची चित्रभाषा आम्ही ग्राफिक्सच्या पेपरात शिकलो: आकडेवारी सामान्य कामगाराला कळावी म्हणून एका चित्राने ठरावीक संख्या दाखवायची. मुलगा मराठी गावांत येऊन, ऐकलेलं किती उमगलं हे मोजतो. बापलेकांच्या कामामागची कळकळ एकच वाटली मला. आपल्याला दोघांची नावं दोन वेगळ्या पेपरांत शिकवतात, किंवा धाकट्याचं शिकवतच नाहीत.

पुढे १९५९ पासून हे मंच देशभर नेले. हजारो झाले. आकडा वाढला तसा मंचांचा जीव मात्र कमी होत गेला. माझ्या मते कारण अहवालातच दिसतं: त्या दहा आठवड्यांत गावाने विचारलं की उत्तर यायचं. हजारो मंचांना वेळेवर उत्तर द्यायला तेवढी माणसं नेमावी लागतात, आणि खर्च नेहमी आधी यंत्रावर होतो. १९७५-७६ मध्ये सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत उपग्रहाद्वारे टीव्ही नेला तो प्रयोग अभ्यासक्रमात मोठ्या मानाने आहे, आणि तो असावाच. पण त्याच्या वीस वर्षं आधीचा, आपल्या दारातला हा प्रयोग एका ओळीपुरताही का नसावा?

संध्याकाळी आजीला फोन केला. आमचं गाव त्या दीडशेत होतं की नाही ते काही माहीत नाही, पण पंचायतीचा रेडिओ तिला आठवतो. म्हणाली, "चावडीत असायचा. बापय मंडळी बसायची ऐकत. आमी कशाला जातोय तितं? पाण्याला जाताना कानावर पडंल तेवढंच."

फोन ठेवल्यावर मी पुन्हा अहवालाच्या टिपणांकडे वळले. त्या मंचांत बसलेले गावकरी म्हणजे बहुतेक पुरुषच. चर्चा शेतीची, आरोग्याची, गावच्या कारभाराची. आणि पेरणी-खुरपणी करणारी, आजारी पोरं सांभाळणारी अर्धी माणसं चावडीच्या बाहेर. ज्या प्रयोगाने दुपारभर मला इतका आनंद दिला, त्यात माझ्या आजीला जागा नव्हती. याने त्याचं मोल कमी होत नाही, पण पुढचा प्रश्न तिथेच सुरू होतो.

आता मोबाइलवर बाबांना हवामानाचे, फवारणीचे सल्ले येतात. ते एकटेच वाचतात आणि बोट फिरवून पुढे जातात. शेजारच्या काकांनाही तोच सल्ला येतो, तेही एकटेच वाचतात. दोघांच्या बांधात चार पावलांचं अंतर, पण त्यावर बोलणं होत नाही. आम्हाला न्यू मीडियाच्या पेपरात पोच किती, म्हणजे संदेश किती जणांपर्यंत गेला, हेच पहिलं मोजायला शिकवतात. मला वाटतं, मोजायचंच तर हे मोजावं: ऐकल्यावर किती जण एकमेकांशी बोलले, किती जणांनी उलट विचारलं आणि त्यांना उत्तर मिळालं का.

म्हणून डिझर्टेशनचा, म्हणजे प्रबंधाचा विषय आज पक्का केला. म्हसवडला माणदेशी तरंग हे सामुदायिक रेडिओ केंद्र आहे. आमच्या माणदेशातलं, बायकांच्या संस्थेने उभं केलेलं. त्याच्या टापूतल्या काही गावांत बायकांचे श्रोतागट बसवायचे, ठरावीक कार्यक्रम एकत्र ऐकायचे, नंतर चर्चा. बाजूच्या गावांत नुसतं ऐकणं. प्रश्नावली आधी आणि नंतर, नॉयराथांच्याच पद्धतीने. दीडशे गावं मला एकटीला झेपणार नाहीत, तीन-चार झेपतील. वेळ संध्याकाळची नको, तेव्हा चुली पेटलेल्या असतात; दुपारी जेवणं उरकल्यावरची बरी. टिपण घ्यायला गटातलीच बाई हवी, मी नको. माझ्यासमोर त्या शहाण्यासारखं बोलतील, मोकळं बोलणार नाहीत.

सोमवारी मॅडमना दाखवायचं. त्या सगळ्यात पहिल्यांदा विचारतील की केंद्राकडून प्रश्नांना उत्तरं कोण देणार आणि किती दिवसांत. म्हणून शनिवारी केंद्रावर फोन करून तेवढं विचारून घेते, बाकीची प्रश्नावली रविवारी.